समोरच्या दारावरचा आरसा

हाँगकाँग, १२ नोव्हेंबर

मामा,

तुम्हाला फोन करायचा म्हणजे मी ओरडायचं, तुम्ही "काय?" म्हणायचं आणि शेवटी दोघांनी "बरं, बरं" करून फोन ठेवायचा. निम्मं बोलणं हवेत जातं. म्हणून हे पत्र. आणि खरं सांगायचं तर कामासाठी लिहितेय. भाची नाही, गिऱ्हाईक आहे असं समजा. आयुष्यभर होकायंत्र घेऊन लोकांच्या घरांची फेंगशुई बघितलीत, आता एकदा बहिणीच्या घराची बघा.

वसंतात आमच्या प्रकाशकांनी कचेरीची जागा अर्धी केली आणि मुद्रितं घरून तपासा म्हणाले. मला बरंच वाटलं. आई इथे एकटी, वय झालेलं, हल्ली विसरते. मी माझी भाड्याची खोली सोडली, तिच्याकडे राहायला आले आणि लहान खोलीत टेबल टाकलं. तेव्हापासून माझं एक काम धड होत नाही. चौथीच्या पुस्तकात गाईच्या चित्राखाली ‘मेंढी’ छापून गेलं, आणि ते पान माझ्या हातून गेलं होतं. वाढदिवसाच्या केकवरची चूकसुद्धा मला दिसते, तिथे ही अख्खी गाय दिसली नाही. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर घरी बसा. मी म्हटलं, घरीच बसलेय. त्यांना ते आवडलं नाही.

हसू नका. हे काम गेलं तर मला दिवसभराची बाहेरची नोकरी धरावी लागेल, आणि मग आईला घरी ठेवता यायचं नाही. डोंगराखालच्या वृद्धाश्रमात मी तिचं नाव घालून ठेवलं होतं. तिथे आता जागा झालीय. फेब्रुवारीतल्या आपल्या नववर्षाच्या आत हो की नाही ते कळवायचंय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

मी स्वस्थ बसले नाही. सप्टेंबरात इंटरनेटवरच्या एका तज्ज्ञ बाईंना पैसे भरून विचारलं. त्यांच्या सांगण्यावरून टेबलावर पाण्याचं कारंजं ठेवलं, कोपऱ्यात बांबू लावला, पडदे बदलले, वाट मोकळी करून घेतली. झालं उलटंच. महिन्याभरात समोरच्या मोककाकांनी आपल्या दारावर अष्टकोनी आरसा ठोकला, बरोब्बर आमच्या दारावर रोखून. स्वतःची इडापिडा आमच्याकडे ढकलायला दुसरं काय? मी त्यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे. लिफ्टमध्ये भेटले की मान फिरवतात.

घराचा नकाशा सोबत आहे. त्या आरशावर उतारा सांगा.

तुमची,
वान-यी


इपो, मलेशिया, २६ नोव्हेंबर

वान-यी,

गिऱ्हाईक म्हणून आलीस, तर गिऱ्हाइकाची बोलणीही खाऊन घे. पैसे देऊन हात दाखवून अवलक्षण केलंस.

ते टेबल बघ. भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ. अगं, कोंबडीसुद्धा अशी बसत नाही. पाठीमागे काय चाललंय ते ज्याला दिसत नाही त्याचा अर्धा जीव मागेच अडकलेला असतो. उरलेल्या अर्ध्याला गाय काय नि मेंढी काय. पाठीला पक्की भिंत हवी, तिला आम्ही डोंगर म्हणतो, आणि डोळ्यांसमोर दार हवं. एवढं एक जमलं तर माझी बाकीची विद्या बासनात गेली तरी चालेल.

कारंजं बंद कर. दिवसभर कानाशी पाणी वाजलं की माणूस काम सोडून कुठे पळतो ते तुला लिहून सांगायला नको.

आरशाला उलट आरसा लावू नकोस. समोरासमोरची दारं तशीही भांडकुदळ असतात, त्यांच्या हातात दगड देऊ नये.

आणि नकाशात दारातला भूमिदेव काढलेला नाहीस. उंबऱ्याबाहेर बसतो म्हणून तो घरचा नाही असं समजू नकोस. ती पाटी, तो लाल दिवा आणि ती उदबत्त्यांची वाटी आमच्या बाबांनी ताईला लग्नात दिली होती. वाटीचा टवका मी उडवलेला, चेंडूने. मार मात्र तिने खाल्ला, मोठी म्हणून. पुढच्या नकाशात त्याला काढ, नाहीतर रुसेल.

ताई दुपारची काय करते? ते लिहिलं नाहीस.

पाकिटामागे नवा पत्ता आहे, आता तिथेच पाठव. जागा बदललीय. खिडकीतून चुनखडीचे डोंगर दिसतात. आल्या आल्या मी इथल्या पलंगांची तोंडं फिरवून घेतली, आता सगळे गाढ झोपतात. जेवणाची घंटा झाली. उठतो.

मामा


हाँगकाँग, ९ डिसेंबर

मामा,

मुलाकडे राहायला गेलात वाटतं. बरं केलंत. जेवणाला घंटा वाजवणारी सून नशिबानेच मिळते.

तुमचं अर्धं ऐकलं. कारंजं बंद केलं. टेबल मात्र फिरत नाही, खोली एवढीशी आहे की टेबल वळवलं तर मला खिडकीतून आत यावं लागेल. आणि आरशाचं म्हणाल तर उशीर झाला. तुमचं पत्र यायच्या आधीच मी बाजारातून एक आणून आमच्या दारावर लावला होता. दोन दिवसांत मोककाकांनी त्यांचा बदलून मोठा लावला. आता मीही मोठा बघतेय. खालचा दुकानदार खूश आहे.

आई दुपारी झोपते. तिचा काडीचा त्रास नाही. जेवली की तिला पलंगावर निजवते आणि मी टेबलाशी बसते. वरच्या मजल्यावर भिंती फोडतायत, म्हणून कानात गाणी लावून घेते, त्याशिवाय एक ओळ वाचता येत नाही. संध्याकाळी उठून बघावं तर ती खुर्चीत शांत बसलेली असते. फक्त तिच्या खिशात संत्र्याची सालं निघतात. मी तर यंदा संत्री आणलेलीच नाहीत. कुठली सालं जपून ठेवलीत देव जाणे.

पण एक सांगते. परवा आम्ही दवाखान्यातून आलो. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर ती आमच्या दाराशी यायलाच तयार होईना. मी हात धरून आत आणलं तर म्हणाली, "बाई, आपण घरी कधी जायचं?" मी म्हटलं, "आई, घरीच आलोय." तिने सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे आपलं नाही." मला बाई म्हणाली त्याचं काही नाही, मामा. पण ज्या घरात तिने सारा संसार केला ते तिला आपलं वाटत नाही. मी पेज ढवळत रडले. मग वाटतं, हे घर जर तिला परकंच, तर इथे काय नि तिथे काय? आपण उगाच हट्ट धरून बसलोय का? आश्रमाचा होकार लिहून ठेवलाय. अजून पाठवला नाही.

प्रश्नपत्रिकेत प्रश्न तीन दोनदा आला. साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. ही शेवटची संधी म्हणाले.

वान-यी


इपो, २० डिसेंबर

वान-यी,

भूमिदेवाचं विचारलं, तू आरशांचं सांगत बसलीस. ताकाला येऊन भांडं लपवतेस. असो, ते भांडं आपण नंतर बघू.

आधी तुझा आरसा उतरव. आज. पत्र खाली ठेव आणि उतरव.

आता ऐक. मी आयुष्यभर लोकांच्या दारांवरचे आरसे बघितले. दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून आरसा टांगणारा मला फार क्वचित भेटला. बहुतेक सगळे घाबरलेले असतात. कुणाला समोरच्या इमारतीचा कोपरा खुपतो, कुणाला रस्ता अंगावर येतोय असं वाटतं. मोक तुझ्या दाराला घाबरलाय. त्या दारातून काहीतरी निघतं आणि त्याच्याकडे जातं. काय ते तुला ठाऊक नाही, कारण तुझी पाठ आहे आणि कानात गाणी आहेत.

मी तिथे असतो तर होकायंत्र काढायच्या आधी एक केलं असतं. समोरच्याच्या उंबऱ्यावर जाऊन, त्याच्या दाराला पाठ लावून, आपल्या दाराकडे बघितलं असतं. आपलं घर आपल्याला आतून पाठ असतं, म्हणून बाहेरून दिसेनासं होतं. दिव्याखाली अंधार. तेव्हा बेकरीतले अंड्याचे टार्ट घे, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि मोकला म्हण, तुमच्या दारात जरा उभी राहू का? तो वेडी म्हणेल. म्हणू दे.

आणि घरात संत्रं नसताना संत्र्याचं साल येत नाही, पोरी. एवढं शिकायला फेंगशुई लागत नाही.

आश्रमाबद्दल मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ते तू ठरव. पण मोकच्या दारात उभी राहिल्याशिवाय ते पत्र टाकू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

मामा


हाँगकाँग, ८ जानेवारी

मामा,

आधी हे वाचा: सगळं ठीक आहे. आई ठीक आहे. आता बसून बाकीचं वाचा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आरसा उतरवला. टार्ट आणायला धीर होत नव्हता. मोककाकांसमोर काय तोंड घेऊन जायचं? असे चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी काम करता करता तुमचं ते कोंबडीचं वाक्य आठवलं. कानातलं काढलं. वरचं फोडकाम त्या दिवशी बंद होतं. घर अगदी गप्प होतं, आईचा घोरण्याचाही आवाज नाही. जाऊन बघते तर पलंग रिकामा. दार उघडं, बाहेरची लोखंडी जाळीही सरकवलेली.

मी चपला न घालता धावले. खाली पहारेकऱ्याला विचारलं, भाजी बाजारात मासेवाल्यांना विचारलं, बागेतल्या बाकांवरची सगळी म्हातारी माणसं बघितली. आई नव्हती. रस्त्यावर एक बस जोरात थांबली आणि मी आधी तिच्या चाकांखाली बघितलं. मनात एकच, की मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि माझी आई माझ्या पाठीमागून निघून गेली. पोलिसांना फोन करायचा तर फोन टेबलावर. म्हणून वर आले.

लिफ्टमधून बाहेर पडले तर मोककाकांचं दार उघडं होतं आणि आतून आईचा आवाज येत होता.

ती त्यांच्या खुर्चीत रेलून बसली होती. ते समोर स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. आई त्यांना सांगत होती, "नळ झाला ना दुरुस्त? मग आता जा की. घरचे वाट बघत असतील." मोककाका म्हणाले, "जातो हो बाई. एवढं संत्रं सोलतो आणि जातो."

मी दारातच खाली बसले. मोककाकांनी मला पाणी दिलं आणि वर झापलंही. "आज आलीस? मला वाटलं, तू रोज पाठवतेस आणि साधं आभारी आहे म्हणायलाही येत नाहीस."

"मी पाठवत नव्हते, काका. मला माहीतच नव्हतं."

"सप्टेंबरपासून येतेय. बेल वाजवते, आत येते आणि हे माझं घर म्हणते. संध्याकाळी मीच तिला तुमच्या खुर्चीत आणून बसवतो. पहिल्यांदा मी घाबरलो. पंचांग विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, परकी बाई रोज येऊन घरावर हक्क सांगते, म्हणजे घर हातचं जायचं लक्षण. आरसा लावा."

"म्हणून लावलात."

"लावला. दुसऱ्या दिवशी तुझी आई आली आणि म्हणाली, वाकडा लागलाय. मग मी सरळ केला. तू तुझा लावलास तेव्हा मात्र मला राग आला. एवढं मी तिला चहा पाजतो आणि वर माझ्यावर आरसा?" मग आईच्या हातात फोड ठेवत म्हणाले, "बायको गेल्यापासून मला जा म्हणायलाही कुणी नव्हतं. येऊ दे तिला."

मामा, मी त्यांना हात जोडले. मग तुमचं आठवलं आणि विचारलं, "तुमच्या दारात जरा उभी राहू?" वेडी नाही म्हणाले. नुसते बाजूला झाले.

दाराला पाठ लावून उभी राहिले. समोर आमचं दार. निळं. यांचंही निळंच. जाळ्या एकसारख्या, घंटा एकसारख्या. माझ्या पायाशी यांचा भूमिदेव, त्याच्यापुढे लाल दिवा, वाटीत उदबत्त्यांच्या काड्या. आमच्या उंबऱ्याशी काहीच नाही. नुसती पुसलेली फरशी.

आता भांडं बाहेर काढते. ‘वाट मोकळी करून घेतली’ असं तुम्हाला लिहिलं होतं ना, तेच ते. त्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, दाराशी राख आणि जुनाट पसारा असेल तर कामात बरकत नाही. मलाही तो दिवा जुनाटच वाटायचा. मी भूमिदेव, दिवा, वाटी सगळं खोक्यात घालून कपाटावर टाकलं. तुम्ही चिडाल म्हणून लिहिलं नाही. आई घराचा नंबर कधीच विसरलीय, माझं नाव विसरलीय, पण लाल दिवा असेल ते आपलं दार, एवढं तिच्याजवळ उरलं होतं. मी तेच उचलून कपाटावर ठेवलं. ती वाट चुकत नव्हती हो. ती रोज बरोबर घरी जात होती.

होकाराचं पत्र फाडलं. आता पुढे काय करू ते सांगा. शिव्या द्यायच्या तर त्याही द्या.

वान-यी


इपो, १९ जानेवारी

वान-यी,

शिव्या देणार होतो. पण पत्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यात विसरलो.

मला सगळं कळलं होतं असं समजू नकोस. मला फक्त साल खटकलं होतं. दिवा मला सुचलाच नाही. नकाशात भूमिदेव नाही बघून मी त्याच्या रुसण्याची काळजी करत बसलो, बहिणीची केली नाही. आम्ही विद्येची माणसंही अशीच.

चांगला दिवस बघून त्याला खाली आण. कोमट पाण्याने पूस, जागेवर ठेव, संत्रं आणि चहा ठेव आणि साध्या शब्दांत क्षमा माग. तो दारावर बसणारा देव आहे, फार ताणत नाही. टेबल त्या खोलीतून बाहेर काढ. बाहेरच्या खोलीत, ताईच्या खोलीच्या भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड. ती बाहेर निघाली की तुझ्या डोळ्यांसमोरून जाईल. कानात काही घालू नकोस. दुपारी दोन्ही दारं उघडी ठेवा, नुसत्या जाळ्या ओढा. ती गेली तर मोककडेच जाईल. जाऊ दे. समोरासमोरची दारं भांडतात ती बंद असली की.

आता माझं भांडं. मी मुलाकडे नाही. घंटा सुनेची नाही. ऑक्टोबरपासून मी इथल्या वृद्धाश्रमात आहे. मुलगा क्वालालंपूरला, माझे गुडघे गेलेले, मीच ठरवलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ताईचं ठरवत होतीस. मी बरा आहे म्हटलं असतं तर तू मन मारून तिला पाठवली असतीस, आणि वाईट आहे म्हणणं खोटं झालं असतं. इथे खायला वेळेवर मिळतं, चुनखडीचे डोंगर पाठीशी आहेत आणि माझ्याशी बुद्धिबळ हरणारे तीन जण आहेत. तेव्हा ताई आज घरी राहिली याचा मला आनंद आहे. पण पुढे कधी तुझ्याच्याने होईनासं झालं, तर स्वतःला पापी समजू नकोस. फक्त दिवा बरोबर दे. तो जिथे लागेल तिथे तिचं दार.

मामा


हाँगकाँग, २४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर तुमच्यावर चिडले होते. दुसऱ्या दिवशी कसं हलकं हलकं वाटायला लागलं. जो ‘वृद्धाश्रम’ शब्द मी महिनोन् महिने उशीखाली घेऊन झोपत होते, त्या शब्दात तुम्ही आरामात बुद्धिबळ खेळत होता. पुढच्या महिन्यात गुडघ्यांचं तेल पाठवते. जिंकायचं जरा कमी करा, नाहीतर तिथेही कुणी आरसा लावेल.

आश्रमाला ‘सध्या नको’ असं कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, हरकत नाही, नाव यादीत राहू दे. राहू दिलं.

टेबल बाहेर आलंय. पाठीला भिंत, भिंतीपलीकडे आई. ती उठली की पलंग करकरतो आणि मी मान वर करते. मग ती समोरून जाते, मी म्हणते, "जपून गं," आणि पलीकडून मोककाका म्हणतात, "आली." दोन पुस्तकं तपासून दिली, एकही चूक निघाली नाही. साहेबांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, फेंगशुई. त्यांनी तुमचा पत्ता मागितलाय. मोककाकांनी आरसा काढून न्हाणीघरात लावला, त्यात दाढी करतात. आईच्या मते तिथेही तो वाकडाच आहे.

दिवा नववर्षाच्या आधी लावला. पण तो आईला अजून ओळखू येईल का, ही धाकधूक होती, कारण आता दोन्ही दारांत लाल दिवे. नववर्षाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं फुलबाजारात गेलो. मोककाकांनी छोट्या संत्र्यांचं झाड घेतलं, कुंडीसकट उचलून आणलं, वाटभर धापा टाकत. लिफ्टचं दार उघडलं. मी आईचा हात मुद्दाम सोडला.

ती मधोमध उभी राहिली. या दाराकडे बघितलं, त्या दाराकडे बघितलं. मग आमच्या दाराशी गेली, भिंत धरून सावकाश खाली वाकली आणि उदबत्त्यांच्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट टवक्यावर थांबलं.

"हा माझ्या भावाने उडवला," ती म्हणाली. "मार मी खाल्ला."

उठली, माझ्या हातातली किल्ली घेतली, आणि मागे वळून म्हणाली, "आलं घर. चल, वान-यी, बाहेर काय उभी राहिलीस?"

माझं नाव घेतलं, मामा. सहा महिन्यांनी.

मला तिथेच रडू फुटलं. मोककाका मागे झाड घेऊन उभे होते, तेही नाक ओढत होते. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "झाड ठेवा इथे. आणि तुम्ही आता जा. घरचे वाट बघत असतील."

"जातो हो बाई," ते म्हणाले. झाड ठेवलं, चार पावलं चालून आपल्या दारात गेले, आणि मुळ्याच्या वड्या खायला पुन्हा आमच्याकडे आले.

तुमची,
वान-यी